कुंभाराचे गाढव आणि अचूक काडतूस

जे काडतूस कारखान्यात तयार होत नाही आणि कोणत्याही मानक यादीत नसते, त्याला अमेरिकेतील बंदुकीचे शौकीन 'वाइल्डकॅट' म्हणतात. प्रचलित काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळून कमी व्यासाच्या गोळीजोगी करायची, जमल्यास खांद्याचा कोन बदलायचा आणि त्या मापाची नळी कोरून घ्यायची, ही त्याची रीत. .२५० सॅव्हेज हे १९१५ सालचे काडतूस. त्याची मान .२२४ इंच व्यासाच्या गोळीसाठी आवळून .२२-२५० बनले. १९३० च्या दशकापासून ते हौशी लोकांच्या हत्यारशाळांतच वाढले. १९६५ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते स्वीकारले, तेव्हा कुठे दुकानात आले. तोवर ज्याला ते वापरायचे असे, त्याला एकेक काडतूस हाताने भरावे लागे.

हाताने भरलेले काडतूस अचूक कसे करावे, हा वरवर कारागिरीचा प्रश्न आहे. त्याच्या पोटात मात्र तर्कशास्त्रातला जुना प्रश्न दडलेला आहे. शंभर यार्डांवर पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्या, तर ते कशाचे फळ मानायचे? दारूच्या वजनाचे, गोळीच्या बैठकीचे, नळीचे, नेमबाजाच्या श्वासाचे, की निव्वळ योगायोगाचे?

बाण का उडतो आणि का पडतो, याचा विचार कणादाच्या वैशेषिक सूत्रांत आला आहे. धनुष्याच्या रेट्याने पहिली गती, त्या गतीतून उपजलेल्या वेगरूपी संस्काराने पुढची, आणि संस्कार संपला की गुरुत्वाने पतन, अशी ती मांडणी. एका बाणाच्या कारणांचा हिशेब त्यातून लागतो. एकापाठोपाठ सुटलेले पाच बाण वेगवेगळ्या जागी का पडतात, हे ती मांडणी सांगत नाही. आणि काडतूस भरणाऱ्याला तर नेमके तेवढेच हवे असते.

त्याच्या हातात बदलण्याजोग्या गोष्टी बऱ्याच असतात: दारूची जात आणि वजन, प्राइमरची, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीची, जात, गोळी पुंगळीत किती खोल बसवायची, मानेची तिच्यावर पकड किती ठेवायची. पुंगळी आधी एकदा उडवून, बंदुकीत ती जेथे बसते त्या चेंबरच्या आकाराची करून घ्यावी लागते. त्यात ती फुगून तिची धारणक्षमता बदलते. म्हणून पहिल्या उडवणीची आकडेवारी दुसरीला लागू होत नाही. बोअर जितका लहान तितके हे सगळे नाजूक. .१७ बोअरची गोळी ४.३७ मिलिमीटर जाडीची. तिचे एक नेहमीचे वजन २५ ग्रेन, म्हणजे जेमतेम १.६ ग्रॅम. एक ग्रेन साधारण अर्ध्या गुंजेएवढा. पुंगळीत वीस ग्रेन दारू मावत असेल, तर ग्रेनच्या दहाव्या हिश्शाचा फरक अर्धा टक्का होतो. मोठ्या काडतुसात तेवढाच फरक कुणाच्या गणतीत नसतो.

नैयायिकांची, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांची, ज्ञानाची चार प्रमाणे (प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द) येथे जवळजवळ जशीच्या तशी उपयोगी पडतात. प्रचलित काडतुसासाठी शब्दप्रमाण हाताशी असते: दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या दाब मोजून पुस्तिका छापतात, आणि पुस्तिकेतला कमाल आकडा आप्तवाक्य मानून ओलांडायचा नसतो. वाइल्डकॅटसाठी बहुधा असे आप्तवाक्यच नसते. मग माणूस सादृश्याकडे वळतो. तेवढ्याच धारणक्षमतेचे, तेवढ्याच वजनाची गोळी फेकणारे ओळखीचे काडतूस शोधतो आणि त्याच्या दारूच्या सुरुवातीच्या भाराहूनही खालून आरंभ करतो. गाईसारखा दिसणारा रानातला प्राणी तो गवय, हे वनवासी माणसाकडून ऐकून रानात जाणाऱ्याची ही गत. नैयायिकांचे उपमान काटेकोरपणे एवढे काम करत नाही, ते नाव आणि वस्तू यांची गाठ घालून थांबते. आणि गवय गाईसारखा असला तरी दावणीला उभा राहत नाही. सादृश्यावर विसंबून वरच्या टोकाने सुरुवात करणाऱ्याची पुंगळी फाटते, कधी बंदूकही फुटते. म्हणून पुढचे काम प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्यावर सोपवायचे: भार थोडा थोडा चढवायचा आणि दर वेळी पुंगळीचे बूड, प्राइमर आणि बोल्ट उघडायला लागणारा जोर पाहायचा.

आता कारण कशाला म्हणायचे ते. कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध नसलेले, ते कारण, अशी न्यायशास्त्राची व्याख्या आहे. तिच्यातला सगळा कस 'अन्यथासिद्ध', म्हणजे हजर असूनही कार्याला अनावश्यक, या शब्दात आहे. घडा घडताना कुंभाराचा दंड असतो, तसा त्या दंडाचा रंगही असतो, आणि माती वाहून आणणारे गाढवही असते. घड्याचे कारण दंड आहे. रंग आणि गाढव नाहीत. काडतूस भरणाऱ्यांच्या मेजावर अशी गाढवे कळपाने उभी असतात. कोणी प्राइमरची छिद्रे एकसारखी घासतो, कोणी पुंगळ्या वजनाने निवडतो, कोणी गोळ्या चकतीवर फिरवून त्यांचा डगमग मोजतो, कोणी दारू ग्रेनच्या शंभराव्या हिश्शापर्यंत तोलतो. यातले काही खरोखर दंड आहेत. बाकीच्यांनी घडा घडल्याचे श्रेय उगाच घेतले आहे, कारण त्यांना एकदाही घरी ठेवून घडा घडतो का हे पाहिलेले नसते.

हे पाहण्याची रीत अन्वय आणि व्यतिरेक. ती गोष्ट असताना फळ, नसताना फळाचा अभाव. सांगायला सोपी असलेली ही रीत येथे अवघड होते, कारण फळ स्वतःच हेलकावे खाते. एकाच भाराच्या, एकाच दिवशी, एकाच बंदुकीतून सुटलेल्या गोळ्यांचे पुंजकेही लहानमोठे निघतात. गोळ्यांची पांगापांग नेहमीच्या संभाव्यतेच्या नियमाने होत असेल, तर तीन गोळ्यांचा पुंजका सरासरीने जेथे १ इंच भरतो, तेथे त्याच काडतुसांच्या पाच गोळ्यांचा सुमारे १.२७ आणि दहांचा सुमारे १.५८ इंच भरतो. गणिताची ही बाजू फार थोडे नेमबाज मनावर घेतात. पाच गोळ्यांचे दहा पुंजके मारले, तर सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या दुप्पट निघणे नवलाचे नाही, आणि त्यात काडतुसांचा काही दोष नसतो.

यावरून रूढ पद्धतीतली फट दिसते. दहा वेगवेगळे भार घेऊन प्रत्येकाच्या तीन गोळ्या मारायच्या आणि ज्याचा पुंजका लहान तो भार निवडायचा, ही ती पद्धत. दहाही भार तंतोतंत सारखे असते तरी एक पुंजका सर्वांत लहान निघालाच असता. निवड करणारी पद्धत विजेता देणारच. विजय खरा आहे का, हे ती सांगत नाही. संस्कृतात यासाठी घुणाक्षर न्याय आहे: घुण किड्याने लाकूड पोखरताना अक्षराचा आकार उमटला, म्हणून किड्याला लिहिता येते असे नाही. कागदावर जुळून आलेली तीन भोके पाकिटात बाळगून दाखवणारा माणूस बहुतेक वेळा असेच अक्षर दाखवत असतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, हे एका वेळेवरून कळत नाही. भूयोदर्शन लागते, पुन्हा पुन्हा पाहावे लागते. त्याहून मोलाचे म्हणजे व्यभिचार शोधावा लागतो: हा भार असूनही पुंजका फुटला असे कधी होते का? आवडत्या भारावर हा प्रश्न स्वतःहून घालणारे कमीच.

व्याप्ती, म्हणजे 'जेथे हे तेथे ते' हा अढळ संबंध, बिघडवणारी दुसरी गोष्ट उपाधी, म्हणजे लपलेली अट. जेथे अग्नी तेथे धूर, हे चूक आहे. ओले सरपण असेल तरच धूर. बंदुकीच्या मैदानावरचे ओले सरपण म्हणजे वारा, ऊन, तापलेली नळी आणि खुद्द नेमबाज. सकाळच्या थंडाव्यात उत्तम ठरलेला भार दुपारी विस्कटतो, तेव्हा भार उत्तम होता हे विधान सोपाधिक होते एवढेच सिद्ध होते. या उपाध्या कापून काढण्याचा सर्वांत नेटाचा प्रयत्न मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी केला. त्यांनी जड काँक्रीटच्या बैठकीवर नळी बसवून नेमबाजाचा हातच प्रयोगातून काढून टाकला, आणि अनेक वर्षांच्या प्रयोगांचे पुस्तक १९०९ मध्ये छापले. गोळीच्या बुडाला झालेली इजा तिच्या नाकावरच्या इजेपेक्षा कितीतरी जास्त नडते, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. येथे दंड आणि गाढव वेगळे झाले, आणि तेही जाणूनबुजून इजा केलेल्या गोळ्या मारून. व्यतिरेकाचे इतके स्वच्छ उदाहरण या विषयात क्वचितच मिळते.

इतके केल्यावरही अनुमान न मानणाऱ्या चार्वाकाचा आक्षेप उरतो. पाहिलेल्या शंभर गोळ्यांवरून न पाहिलेल्या एकशे एकाव्या गोळीविषयी काही म्हणण्याचा अधिकार कोणी दिला? युरोपात डेव्हिड ह्यूमने १७४८ च्या ग्रंथात हाच पेच मांडला. उदयन आणि त्याच्यामागून गंगेश या नैयायिकांचे उत्तर व्यवहाराचे आहे: शंका तेथवरच चालते, जेथे ती स्वतःच्या कृतीच्या विरोधात जात नाही. धूर हवा म्हणून जो न चुकता अग्नीकडे जातो, त्याने अग्नी आणि धूर यांच्या संबंधावर शंका घेऊ नये. भाराने काही होत नाही म्हणणारा नेमबाजही तराजू मेजावरून हलवत नाही. हे उत्तर शंका मिटवते, पण कोणत्याही एका भाराला सिद्ध करत नाही. त्यासाठी गोळ्याच माराव्या लागतात.

आणि गोळ्या मारण्याने नळी झिजते. अरुंद बोअरमधून भरपूर दारू जाळणाऱ्या काडतुसांत पिळाची सुरुवात, जिला घसा म्हणतात, ती आचेने आणि दाबाने भेगाळत पुढे सरकते; .२२-२५० सारख्या काडतुसाची नळी काही हजार गोळ्यांत आपली अचूकता गमावते. दोन-तीनशे गोळ्या मारून जी व्याप्ती पक्की करावी, ती ज्या नळीविषयी होती ती नळी तोवर थोडी वेगळी झालेली असते. घसा पुढे सरकला की गोळी तेवढीच बाहेर बसवून काही काळ भागते. पुढे नवी नळी बसवावी लागते. ती त्याच रीमरने, म्हणजे चेंबर कोरण्याच्या हत्याराने, कोरली तरी वहीतला जुना भार तिला लागू पडेल असे नसते, आणि जाणते लोक तो कमी करून पुन्हा खालून चढत येतात.