बंद खणातला तांबडा दगड



क्युप्राइट म्हणजे तांबे आणि प्राणवायू यांचे खनिज. वजनाने सुमारे ८९ टक्के तांबेच. त्याचे लालभडक स्फटिक उजेडात फार काळ राहिले की काळवंडतात. म्हणून संग्रहालयात त्यांना अंधाऱ्या खणात जपावे लागते. पण कोणी पाहायचेच नाही, तर जपायचे कोणासाठी?

दगडादगडांत फरक असतो. आपल्या बेडसे लेण्यातला चैत्य सुमारे दोन हजार वर्षे सकाळचे ऊन अंगावर घेतो आहे. काळ्या पाषाणाला ते सोसते, क्युप्राइटला नाही. दोघांना सारखाच उजेड देणे हा न्याय नव्हे. तरीही कायमचे कुलूप मला पटत नाही. तो दगड पुढच्या पिढीचा आहे, तसा आज दाराशी आलेल्या शाळकरी पोराचाही. त्याच्यासाठी मंद दिव्यात घटकाभर खण उघडावा. थोडा काळवंडेल, काळवंडू दे.