अनिकेत कोणास म्हणावे?

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना भगवंतांनी 'अनिकेत' असा एक शब्द घातला आहे. निकेत म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनिकेत. शब्दार्थ पाठशाळेतले पोरही सांगेल. पण ज्येष्ठ वद्यात आळंदी-देहूहून निघालेली मंडळी डोळ्यांपुढे आणा. सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट आणि मुक्कामाला नवनवा तळ. रात्र झाली की कोणी राहुटीत शिरतो, कोणी देवळाच्या ओसरीवर वळकटी सोडतो, कोणी बंद दुकानाच्या पायरीवर पडतो, आणि पुष्कळ जण घोंगडे अंथरून नुसत्या आकाशाखाली आडवे होतात. ह्यांत अनिकेत कोण?

हा प्रश्न मला कीर्तनानंतर बरेचदा विचारला जातो, आणि विचारतात तो जरा वाकड्या रीतीने. एक पक्ष म्हणतो, "बुवा, पूर्वीची वारी खरी. आता राहुट्या आल्या, गाद्या आल्या, फोनला वीज द्यायला जनित्र आले. उघड्यावर निजेल तोच वारकरी." दुसरा पक्ष म्हणतो, "दिंडीचा खर्च कोणी भागवायचा? भिशी भरली नाही त्याला राहुटीत जागा कुठून द्यायची? त्याला उघड्यावर निजायची हौस आहे, निजू द्या." गंमत अशी की दोघांचेही बोट आकाशाकडेच आहे. एकाला ते प्रमाणपत्र वाटते, दुसऱ्याला सबब.

आधी शास्त्र पाहू. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात सरळ अर्थ घेतला आहे: ज्याला नियत असा आश्रय वा निवास नाही, तो अनिकेत. ते संन्याशांचे आचार्य. त्यांच्या दृष्टीपुढे परिव्राजक उभा होता. श्रीरामानुजाचार्यांनी त्याच शब्दाचा अर्थ घरादाराच्या ठिकाणी आसक्ती नसलेला असा लावला. घर असो, पण मन त्यात गुंतून पडलेले नसो. आता आपला वारकरी ह्या दोहोंत कुठे बसतो? तो संन्यासी नव्हे. मृगाचा पाऊस पडला, पेरणी उरकली की तो निघतो. उरकली नसली तर धाकट्या भावाच्या गळ्यात घालून निघतो. आणि आसक्ती सुटली म्हणावे, तर वाटेत ढग दाटले की त्याचा जीव आधी आपल्या रानात जातो, मग अंगावरच्या कागदाकडे. म्हणजे तो थोड्या दिवसांचा अनिकेत. आषाढीनंतर पुन्हा उंबऱ्याच्या आत. मला ही गोष्ट उणेपणाची वाटत नाही. संसार न सोडता वर्षातून एकदा उंबऱ्याबाहेर निजून पाहणे, ही ह्या पंथाने प्रापंचिकाला दिलेली सवलतच आहे म्हणा ना.

माउलींनी ह्या जागी वाऱ्याचा दृष्टांत घेतला आहे. वाऱ्याला मुक्कामाचे ठिकाण नसते, तसा हा भक्त कुठे आश्रय धरून बसत नाही. आणि पुढे त्याला सारे विश्वच घर वाटते, असा त्यांचा आशय आहे. सज्जनहो, इथे घाईने पुढे जाऊ नका. 'मला घर नाही' आणि 'सगळे विश्व माझे घर' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले म्हणणारा मोकळा होतो. दुसरे म्हणणाऱ्यावर काम येऊन पडते! घर माझे म्हटले की त्या घरात भिजत कोण पडले आहे, उपाशी कोण निजले आहे, हे बघणे मला आले. कुटुंबप्रमुखाला रात्री दारे-खिडक्या पाहून निजावे लागते. ज्याचे विश्व घर, त्याने किती दारे पाहावीत?

मागे एका गावी कीर्तन आटोपल्यावर शहरातला एक तरुण पुढे आला. चांगला शिकलेला, नम्र मुलगा. तो मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर गेला होता. तंबू मुद्दाम नेला नव्हता. रात्रभर तारे पाहत कातळावर निजला. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. म्हणाला, "महाराज, मी आपला एवढा एवढासा झालो. मी, माझे, काही उरले नाही. ही साधनाच नाही का?" मी उत्तर देणार तोच खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी, मराठवाड्याकडली मजूर बाई, मध्येच बोलली, "म्हाराज, मी पस्तीस वरसं वारीत अशीच निजते. मला न्हाई बा चांदन्या दिसत. पानी येतंय का त्येवढंच बघते."

"मग पाणी आलं की काय करता, मावशी?" मी विचारले.

"राहुटीतल्या बायांनी आत घेतलं तर आत. न्हाई तर टरकाखाली."

त्या मुलाने मान खाली घातली. मला मात्र त्याला दोष द्यावासा वाटला नाही, आजही वाटत नाही. त्याने पाहिले ते खरेच पाहिले. भर्तृहरीने वैराग्यशतकात भूमीची शय्या, भुजेची उशी आणि चंद्राचा दीप असलेल्या मुनीला राजाच्या तोडीचे सुख दिले आहे. भागवताच्या द्वितीय स्कंधात शुकाचार्यही परीक्षितीला विचारतात की जमीन असताना अंथरुणासाठी आटापिटा कशाला. पण हे बोल कोणाला उद्देशून आहेत? भर्तृहरी हा परंपरेने राजा, परीक्षिती तर राजाच. पलंग ज्याच्यापाशी आहे त्याला सांगितलेली ही गोष्ट आहे. त्याग असलेल्या वस्तूचा होतो. म्हातारीपाशी सोडायला पलंग नव्हता, तंबूही नव्हता. तिचे उघड्यावर निजणे त्याग नव्हे, रसिकता तर नव्हेच. शास्त्रात त्याला नाव द्यायचे तर तितिक्षा म्हणावे: आलेले दुःख चिंता-विलाप न करता सोसणे. साधनचतुष्टयातल्या षट्संपत्तीत तिला मान आहे. पण एक लक्षात ठेवा, तितिक्षा ज्याची त्याने करायची असते. दुसऱ्याला ती नेमून देणारा जो, त्याला शास्त्रात नाव नाही. व्यवहारात आहे: अप्पलपोटा.

म्हणून 'उघड्यावर निजायची त्याला हौस आहे' हे वाक्य राहुटीत गादीवर बसून बोलू नये. कार्तिकीला निघालात तर रस्त्याच्या कडेला उसाच्या फडात बघा. ऊसतोडीची बिऱ्हाडे उतरलेली असतात, पाचटाच्या कोप्या असतात, पोरे उघड्यावर निजलेली असतात. त्यांना कोणी अनिकेत म्हणून नमस्कार करीत नाही. मग चार रात्री तसे निजून आपण कसला नमस्कार मागावा?

आता देहाची बाजू. अंगाला मुद्दाम पीडा देणे हे तप, असा एक समज आपल्याकडे खोल रुतला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभाने आणि अहंकाराने शरीर कष्टवणाऱ्यांना भगवंतांनी आसुरी निश्चयाचे म्हटले आहे, आणि सहाव्यात निजणे व जागणे दोन्ही माफक असावे असे सांगितले आहे. तेव्हा वारकऱ्याने रात्री नीट झोपणे हा अधर्म नव्हे, दुसऱ्या दिवशीची वाट त्यावरच चालायची आहे. उघड्यावर निजणाऱ्याने दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मालमोटारीखाली कधीही निजू नये. पाऊस असो, काही असो. पहाटे अंधारात चालक गाडी चालू करतो, त्याला चाकापाशी कोण आहे हे दिसत नाही. दुसरी गोष्ट मण्यारीची. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर निजलेल्याला झोपेत चावतो. पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. मग मध्यरात्री वा पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, आणि माणसे म्हणतात अपचन झाले. तसे दिसताच अंगारा-मंत्रात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. सर्पविषावरची लस तिथे मिळते. मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचून निजले तर हे संकट पुष्कळ टळते. कीर्तनकाराने हे कशाला सांगावे, असे कोणी म्हणेल. म्हणो.

आकाशाचेही थोडे बोलतो, नाहीतर त्या तरुणावर अन्याय होईल. आषाढात तारे कुठले? ढग फाटला तर दक्षिणेला विंचवाची नांगी आणि ज्येष्ठा दिसते, तेवढीच. खरे आकाश कार्तिकीचे. दिवस मावळल्यावर थोड्या वेळाने पूर्वेला कृत्तिका वर येतात, मागून रोहिणी, मग मृग. उत्तरेला ध्रुव. पंढरपुराहून तो फार उंच नसतो. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर क्षितिजापासून दोन मुठींच्या आतच सापडतो. बदरीनारायणाला गेलात तर तोच तीन मुठी वर असतो. ध्रुवाची कथा सांगताना मी हे नेहमी सांगतो. बापाच्या मांडीवर जागा मिळाली नाही म्हणून ते पोर घराबाहेर पडले, आणि त्याला अशी जागा मिळाली की सारे नक्षत्रमंडळ तिच्याभोवती फिरते. ज्यांना तळावर जागा मिळत नाही, त्यांना तो अंथरुणातून दिसतो. आता तळावर मोठाले दिवे लागतात, त्यामुळे त्यांनाही तो दिसतोच असे नाही.

राहुटीला नावे ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की तळावर माउलींच्या पादुकांसाठी तंबू उभा राहतो. हैबतबाबांनी सोहळ्याला शिस्त लावली तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांची ती सेवा आहे, अश्वही त्यांचेच. आश्रय धरून न बसणारा भक्त ज्यांनी वर्णिला, त्यांच्या पादुका कापडाखाली विसावतात, त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. तेव्हा कापड पाप नव्हे. प्रश्न कापडाच्या कडेचा आहे. राहुटीत मधली जागा कोरडी, कडेची ओली. पाऊस लागला की कड गळते, खालून ओहोळ शिरतो. मधे कोण निजतो आणि कडेला कोण? बाहेर उभी असलेली म्हातारी आत आली तर कोण उठून बसतो? मी अशा दिंड्या पाहिल्या आहेत जिथे तरुण टाळकरी न सांगता कडेला सरकतात, आणि अशाही पाहिल्या आहेत जिथे भिशीची पावती दाखवून जागा मोजून घेतात. दोन्हीकडे हरिपाठ सारखाच होतो.

दिंडीप्रमुखांचीही अडचण आहे, ती मी नाकारीत नाही. कापडाला, मोटारीला, स्वयंपाकाला पैसा लागतो. पण मोकळ्या वारकऱ्यांचा समाज दिंडीच्या मागेपुढे दरवर्षी चालतो. तो अचानक आलेला पाहुणा नव्हे. पंढरीतही नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ झाला, राहुट्यांची सोय पुष्कळ वाढली. प्रस्थानाच्या आधी साहित्य मोजताना दर दिंडीने एक राहुटी कोणाच्याच नावावर न लावता ठेवावी, पाऊस लागला की ती बायाबापड्यांना उघडी. भिशीत माणशी थोडे वाढतील. विरोध होईल, मला ठाऊक आहे.

विरोध करणाऱ्यांना एवढेच आठवून देतो की यात्रेच्या दिवसांत पंढरीच्या राउळात देवाचा पलंग काढतात. बाहेर रांग लागलेली असते, म्हणून देव निजत नाही. रात्रंदिवस उभा राहून दर्शन देतो. पाठीला टेकायला एक लोड देतात, तेवढाच. यात्रा पांगली, प्रक्षाळपूजा झाली, की मग पलंग परत आत येतो.