त्यांना सवय असते

काका गेले 2021 च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. मी तेव्हा पुण्याची खोली सोडून मेहकरला घरूनच काम करत होतो. मृतदेह घरी आणण्याचा प्रश्नच नव्हता. कुणी खांदा दिला नाही, कुणी मडकं फोडलं नाही. जे काही झालं ते पीपीई किट घातलेल्या माणसांनी केलं आणि आम्हाला फोनवर कळवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी मामा येऊन उभे राहिले. हे आमचे नात्याने कुणी नाहीत, गल्लीच्या टोकाला राहतात आणि सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. एका सरकारी दवाखान्यात ते सफाई कामगार आहेत, आणि गेली वीसेक वर्षं तिथल्या पीएमच्या खोलीचं काम त्यांच्याकडे आहे. करोनात प्रेतं गुंडाळण्याचं कामही त्यांच्याकडेच आलं. काकांना त्यांनीच गुंडाळलं होतं. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात काकांचं घड्याळ.

बाबांनी पिशवीवर सॅनिटायझर मारलं. मी कंपाउंडच्या भिंतीवर पाचशेची नोट ठेवली, उडू नये म्हणून वर एक खडा ठेवला. मामा "पैसे कशाले" म्हणाले, पण घेतले. पाणी विचारायचं कुणाला सुचलं नाही. ते गेल्यावर आई म्हणाली, "दिवसाला एवढी माणसं... कसं करत असतील गं बाई!" आणि घरातल्या कुणीतरी उत्तर दिलं, "त्यांना सवय असते." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

करोनामुळे आपण तसं वागलो, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. पुढच्या वर्षी घरात लग्न झालं, तेव्हा करोना नव्हता. मामा मांडवाबाहेर उभे होते आणि शेवटच्या पंगतीनंतर जेवले. कुणी त्यांना थांबवलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं.

मला या लेखात त्या एका वाक्याबद्दल लिहायचं आहे. "त्यांना सवय असते" ही वरवर एक माहिती आहे, अमुक काम रोज करणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही अशी. पण आपण ते माहिती म्हणून वापरत नाही. ते हिशेब मिटवायला वापरतो. त्रासच होत नसेल तर आपण काही देणं लागत नाही. पाचशे रुपये आणि वर खडा, विषय संपला. गंमत म्हणजे सर्जनबद्दल आपण असं बोलत नाही. त्यालाही रक्ताची सवय असते, पण त्याच्या सवयीला आपण अनुभव म्हणतो आणि तिची फी देतो.

माहिती म्हणून तरी हे वाक्य खरं आहे का, ते मी दोन वर्षांनी विचारलं. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ उलटली आणि पेटली. 25 माणसं गेली. मी पुणे-मेहकर प्रवास रात्रीच्या ट्रॅव्हल्सनेच करतो, त्यामुळे त्या बातमीतून बरेच दिवस बाहेर येता आलं नाही. देह ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात 24 जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले. नंतर बातम्यांत टायर आला, चालक आला, वेग आला, डीएनए आला, मदतीच्या रकमा आल्या. मी वाचत राहिलो आणि एकच गोष्ट सापडेना. ते देह बसमधून कुणीतरी बाहेर काढले होते, गाडीत ठेवले होते, उतरवले होते, सरणावर ठेवले होते. ती माणसं त्या रात्री घरी जाऊन जेवली का?

त्याच महिन्यात घरी आलो तेव्हा मामांकडे गेलो. त्या अपघाताशी त्यांचा संबंध आला नव्हता. पण मला विचारायचं होतं ते मी विचारलं, बऱ्यापैकी अडखळत: मामा, सवय होते का?

"हाताले होते भाऊ. नाकाले नाही होत. झोपेले तं बिलकूलच नाही."

मग थोडं थांबून ते शेतकऱ्यांबद्दल बोलले. औषध घेतलेला माणूस आला की त्याचा वास अंगावरून दोन-दोन दिवस जात नाही. त्यात ओळखीचे निघतात. एकदा सोबत शाळेत असलेला माणूस टेबलावर आला. "पायाकडून ओळखला," म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आमचा जिल्हा शेतकरी आत्महत्यांसाठी महाराष्ट्रभर माहीत आहे, आणि सरकारने त्यावर काहीच केलं नाही असं नाही. प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात आशा सेविका गावोगाव जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करतात. 2022 पासून टेली मानसचा 14416 हा नंबर आहे. शेतकऱ्याला खचण्याआधी गाठायची ही यंत्रणा आहे, आणि ती हवीच. पण तिच्या हातून निसटलेला शेतकरी शेवटी ज्या टेबलावर येतो, त्या टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाची विचारपूस कुणाच्याच वहीत नाही. कागदावर शवविच्छेदन डॉक्टर करतात. ग्रामीण भागात अनेक ठिकाणी सुरी प्रत्यक्षात कुणाच्या हातात असते हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

पोस्टमॉर्टेम हा शब्द आमच्या धंद्यातही रोजचा आहे. रात्री सर्व्हर पडला, ग्राहकांचे पैसे अडकले, की दुसऱ्या दिवशी आमची टीम जी बैठक घेते तिला पोस्टमॉर्टेम म्हणतात. त्याचा एक नियम आहे, कुणावरही ठपका ठेवायचा नाही. प्रत्येकाने आपण काय पाहिलं, कधी पाहिलं, तेव्हा काय वाटलं हे सांगायचं. रात्रभर जागलेल्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी देतात. मेलेला असतो एक सर्व्हर, आणि तोही तासाभरात परत उठलेला. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते चांगलेच हसले. "म्हणजे तुमच्यात पीएम झाल्यावर सगळे बसून चहा पेतात? मंग आमच्यातबी पाह्यजे ना."

पाहिजे का, हा खरा प्रश्न आहे, आणि मला वाटलं होतं तितका तो सरळ नाही. अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या लोकांसाठी अशीच बैठक सुचवली. भीषण घटना झाली की सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं ते बोलतं करायचं. पद्धत जगभर पसरली. पुढे जेव्हा एकाच बैठकीत केलेल्या अशा मोकळ्या करण्याच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा त्याने पुढचा मानसिक आघात टळतो असं काही दिसलं नाही, आणि काही जणांना उलट अपायच झाल्याची शंका आली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने इतरांसोबत 2011 मध्ये काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका वेगळं सांगते. बोलायची जबरदस्ती करू नका. पाहा, ऐका, आणि लागेल त्या मदतीपर्यंत पोचवा. तहान, भूक, झोप आधी.

"मन मोकळं करा" हा आमच्यासारख्या शहरात राहून आलेल्यांचा आवडता उपदेश आहे. पायाकडून ओळखलेल्या वर्गमित्राबद्दल मामांनी मला आणखी काय सांगावं, आणि का? मला ऐकून बरं वाटावं म्हणून?

त्या पुस्तिकेतलं काम मेहकरात आधीपासून चालू आहे हे मला फार उशिरा दिसलं. मामांच्या आधी त्या खोलीचं काम करणारे एक म्हातारेबाबा आहेत, निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर ते बाकावर बसलेले असतात. मामा ड्यूटीवरून येतात. मी तीन-चारदा ऐकलं, संवाद जवळजवळ तोच असतो.

"किती?"

"दोन."

"लेकरू होतं?"

"नाई."

"जेवला?"

मामा नाही म्हणाले तर म्हातारेबाबा भजे मागवतात. लेकरू असलं तर ते काही मागवत नाहीत, उठतात, आणि दोघं नदीकडे चालत जातात. याला पिअर सपोर्ट म्हणायचं की नाही ते तज्ज्ञांनी ठरवावं. मला दिसतं ते इतकंच, की तो एकच प्रश्न, लेकरू होतं का, विचारायला त्या खोलीत वीस वर्षं काढावी लागतात. मानसोपचाराची पदवी घेतलेल्या माणसाला तो सुचेलच असं नाही.

पण यावर खूश होऊन थांबणं म्हणजे पुन्हा "त्यांना सवय असते" म्हणण्यासारखंच. त्यांचं त्यांच्यात चालतंय, बरं चालतंय. म्हातारेबाबांचं वय ऐंशीच्या घरात आहे. ते आजारी असले की त्या संध्याकाळी मामा कुठे असतात हेही मला माहीत आहे, आणि तिथे भजी नसतात. मुंबईत डुंगरवाडीला पारशी खांधिये निदान एका आवारात राहतात, एकमेकांना दिसतात. तालुक्याच्या गावात या कामाला एक माणूस असतो. शववाहिनीचा चालक वेगळा, नगरपालिकेचा माणूस वेगळा, तिरडी बांधणारा गल्लीतला, लाकडं देणारा वखारीतला, दहाव्याला केस काढणारा आणखी कुणी. एकच प्रेत या सगळ्यांच्या हातांतून जातं आणि ही माणसं एकमेकांशी त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

शिवाय ती या कामाला आपलं काम म्हणून सांगतही नाहीत. मामांच्या मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय "शासकीय नोकरी" आहे, आणि ते चूक नाही. पण लपवावं का लागतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गावगाड्यात मेल्याचा सांगावा परगावी पायी नेणं, सरणाची लाकडं वाहणं ही कामं महारांवर लादलेली होती. ती नाकारल्याशिवाय माणूसपण नाही, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. 1928 मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलायचं विधेयक आणलं ते याच गुंत्यासाठी. वतन गेलं. आता नोकरी आहे, कंत्राट आहे, पण पीएमच्या खोलीत कुणाची मुलं लागतात हे पाहिलं तर फार काही बदललेलं दिसत नाही. जे काम उच्चारलं की जात उच्चारली जाते, त्या कामाचा त्रास माणूस कुणाला सांगणार? आधारगट काढला तर तिथे जाताना दिसणं हीच बदनामी.

आपल्या गोष्टींनीही या माणसाला जागा दिलेली नाही. स्मशानात काम करणारा म्हटलं की आपल्याला राजा हरिश्चंद्र आठवतो. फाळक्यांचा 1913 चा पहिला सिनेमाही त्याचाच. तो डोंबाकडे चाकरीला राहतो, पोटच्या पोराच्या प्रेतासाठीही शुल्क मागतो, आपण गहिवरतो. पण तो काही काळापुरता आलेला राजा आहे, आणि मार्कंडेय पुराणात त्याचा धनी शेवटी साक्षात धर्म निघतो. म्हणजे ज्याचं ते रोजचं काम आहे, जो उद्याही तिथेच असणार आहे, असा एकही माणूस त्या गोष्टीत नाही. आमच्याकडे विदर्भात गाडगेबाबांची गोष्ट सांगतात, मुलगा गेल्याची खबर आली तरी कीर्तन थांबलं नाही. ती विरक्ती बाबांनी स्वतःसाठी निवडलेली होती. आपण ती परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढवतो, तीही महिन्याच्या पगारावर.

दुसऱ्या लाटेत अंबाजोगाईला एकाच रुग्णवाहिकेत 22 मृतदेह नेल्याचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं. संताप झाला, तो मृतांच्या अवहेलनेबद्दल, आणि रास्त होता. पुण्यात वैकुंठच्या धुराची तक्रार हायकोर्टापर्यंत गेली. त्या धुरात पाळी करणाऱ्यांची तक्रार कुठपर्यंत गेली? मे 2021 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मृतांच्या सन्मानाबद्दल सूचना काढल्या, त्यात स्मशानातल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा साधनांचा, लसीचा आणि योग्य मोबदल्याचा उल्लेख तरी होता.

मी एकदा उत्साहाने मामांना म्हणालो की तालुक्यातल्या अशा सगळ्यांची महिन्यातून एक बैठक घेऊ, मी व्हॉट्सॲप ग्रुप करतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "करा भाऊ. पण आधी हातमोजे पुरे पडतील असं काही करता येते का पाहा. जोडी फाटली की दुसरी नसते. रात्री हाताले वास येते, मंग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत नाही मी." झोप, मन, हातमोजे, लेक हे सगळं मी चार वेगळ्या फायलींत ठेवलं होतं. त्यांच्याकडे ती एकच गोष्ट होती. (ते माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे आहेत आणि मला "भाऊ, तुम्ही" म्हणतात. मी आजवर अडवलेलं नाही.)

हातमोज्यांसाठी अर्ज लिहून दिला आहे, पाठपुरावा चालू आहे. ग्रुप केला नाही. त्या बाकावर मात्र मी अधूनमधून जाऊन बसतो. म्हातारेबाबा पहिल्या दिवशी सरळ म्हणाले, "तू काहून बसतो इथं? जाय घरी." मी त्यांच्यातला नाही हे त्यांचं बरोबरच आहे. मी चहाचे पैसे देतो आणि मध्ये बोलत नाही.

गेल्या दिवाळीत आईने मामांकडे फराळ पाठवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत देत होती, मी स्टीलच्या डब्यात भरायला लावला. तिने डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता भरला. मामांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, "भाऊ, हा परत आणायचा का?"

मी म्हटलं, आणा ना, असं काय विचारता.

डबा अजून आलेला नाही. आईने दोनदा विचारलं.