पिशवीतील दोन दगड

शास्त्रपाठ : अनुवाद 25:13-16; यिर्मया 22:13-17; दानीएल 1:1-21



गेल्या मे महिन्यात मला रायपूरहून एक पत्र आले. लिहिणारी मुलगी विदर्भातील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातील आहे आणि शब्बाथ शाळेत येत असे तेव्हापासून मी तिला ओळखतो. ती रायपूरच्या एका महाविद्यालयात व्यवसाय-व्यवस्थापन शिकते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तिला दोन महिने शहराबाहेरील एका कारखान्यात उमेदवारी करावयाची होती. तेथे तिच्याकडे कंत्राटी कामगारांच्या हजेरीचे व पगाराचे हिशेब संगणकावर नीट लावण्याचे काम आले. आठवडाभरात तिच्या ध्यानात आले की, पुस्तके दोन आहेत. एकात कायद्याप्रमाणे ठरलेले वेतन आणि त्यापुढे कामगाराचा अंगठा. दुसऱ्यात त्याच्या हातावर प्रत्यक्ष पडलेली रक्कम, आणि ती पुष्कळच कमी. वरिष्ठ तिला म्हणाले, "तू पहिले पुस्तक तेवढे सुबक कर. दुसऱ्याशी तुला कर्तव्य नाही."

पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते, "अंकल, आम्हांला नेतृत्व आणि नीतिमूल्ये असा एक विषय आहे. त्यात मला चांगले गुण मिळाले. पण ह्या दोन पुस्तकांचे मी काय करू?"

मी आठ दिवस उत्तर लिहिले नाही. कारण का ते पुढे सांगतो.

रायपूर हे आपणां मराठी माणसांना परके शहर नव्हे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य छत्तीसगडावर होते. त्यांच्याबरोबर कारभारी आले, कारकून आले आणि मराठी घरे तेथे रुजली. माधवराव सप्रे ह्यांनी 1900 साली 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले, 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत नेले आणि आपले उत्तरायुष्य रायपुरात वेचले. आमच्याच धंद्यातला माणूस, म्हणून त्यांचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि तो सारा मुलूख लोखंडाचा झाला. आज उरला आणि सिलतरा ह्या भागांत कारखान्यांची दाटी आहे. 2010 साली केंद्र सरकारने रायपूर येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन केली. आरंभी ती शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरत असे. पुढे नवा रायपूर येथे स्वतःच्या वास्तूत गेली. तिच्यामागून खाजगी महाविद्यालयेही उभी राहिली. आपली पुष्कळ मुलेमुली आता अशा ठिकाणी जातात. पूर्वी आपण त्यांना शिक्षक, परिचारिका, पाळक होण्यासाठी पाठवीत असू. आता ती व्यवस्थापक होणार. ह्यात खेद करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

दानीएलही अशाच एका महाविद्यालयात गेला होता. त्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता, निवड कसोशीने झाली होती, भोजनाची सोय राजाकडून होती आणि शेवटी खुद्द नबुखद्नेस्सरापुढे तोंडी परीक्षा होती. आपण बहुधा असे समजतो की, तो पहिल्या दिवसापासून नकारच देत गेला. तसे नाही. त्याने खास्द्यांची भाषा शिकली, त्यांचे वाङ्मय अभ्यासले, आपले नाव बदलू दिले, पुढे राजाची चाकरीही पत्करली. नकार दिला तो एकाच गोष्टीला. विटाळ होऊ द्यायचा नाही, असे त्याने आधी मनात ठरविले आणि मग तोंड उघडले. हा क्रम आठव्या ओवीत स्पष्ट आहे. त्याने आरडाओरड केली नाही, विनंती केली. मुख्य अधिकारी घाबरला, तेव्हा देखरेख करणाऱ्याला दहा दिवसांची कसोटी सुचविली. समोरच्याच्या मानेवर तलवार आहे, हे त्याला कळत होते. त्या माणसाला पेचातून सुटायला त्याने वाट ठेवली.

पण हे तरुण कोणत्या राज्यातून धरून नेलेले होते, हे आपण सहसा विचारीत नाही. पहिल्याच ओवीत यहोयाकीम राजाचे नाव आहे. आता यिर्मयाचा बाविसावा अध्याय काढा. हा तोच राजा. त्याने प्रशस्त माड्या बांधल्या, मोठ्या खिडक्या पाडल्या, गंधसरूच्या तक्तपोशीवर तांबडा रंग दिला; आणि हे सारे शेजाऱ्याकडून काम करवून घेऊन, त्याची मजुरी बुडवून. संदेष्टा त्याला त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण देतो. तोही राजासारखाच खातपीत होता. पण गरिबांचा न्याय करीत होता. परमेश्वराला ओळखणे म्हणजे दुसरे काय, असे यिर्मया परमेश्वराच्या वतीने विचारतो. देवाच्या ज्ञानाची ह्याहून साधी व्याख्या मला जुन्या करारात दिसलेली नाही, आणि ती मजुरीच्या प्रकरणात आली आहे. दानीएल व त्याचे तिघे सोबती ज्या यरुशलेमेतून निघाले, तेथे दोन पुस्तके ठेवणाऱ्यांचे राज्य होते. बाबेल त्यांना तेथेच भेटली होती.

अनुवादातील ओवीचे भाषांतर तपासताना मी एका शब्दापाशी नेहमी थांबतो. वजनांसाठी तेथे हिब्रूत 'एबेन' म्हणजे नुसता 'दगड' हा शब्द आहे. त्या काळी वजने दगडाचीच असत. तुझ्या पिशवीत दगड आणि दगड असू नये, असे शब्दशः म्हटले आहे. एक मोठा, एक लहान. घेताना मोठा काढायचा, देताना लहान. आपल्याकडे ह्याला काटा मारणे म्हणतात. शिक्षा मापात फसवण्यासाठीच सांगितली आहे असे नाही. पिशवीत दुसरा दगड बाळगणे हेच निषिद्ध आहे. योग्य वजनासाठी वापरलेल्या विशेषणाचा अर्थ 'पूर्ण', 'अखंड' असा होतो. माणसालाही तो लागू पडतो. आणखी एक गोष्ट पाहा. त्याच अध्यायात, वजनांच्या लगोलग, अमालेकाची आठवण येते. त्याने काय केले होते? थकून मागे पडलेल्या दुबळ्यांवर त्याने पाठीमागून घाला घातला होता. हे दोन विषय एकापुढे एक का ठेवले, ह्यावर टीकाकार वाद घालोत. ज्या कामगाराला आपल्या अंगठ्यावरचा आकडा वाचता येत नाही, त्याला ते कळायला टीकाकार नको.

आता माझ्या आठ दिवसांविषयी. पत्र वाचताच माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : गप्प राहा, मुली, पदवी हाती पडू दे. ह्या विचाराचे मूळ मला ठाऊक होते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका ख्रिस्ती संस्थेच्या समितीवर होतो. तिच्या शाळेतील काही शिक्षक पूर्ण पगारावर सही करीत आणि त्यातला काही भाग परत करीत. समितीत कुणी त्याला 'समायोजन' म्हटले. शब्द मला आवडला नाही. पण हिशेबाखाली मी सही केली. एक शिक्षिका नंतर माझ्या घरी आली होती. तिने काही मागितले नाही, चहा घेतला व गेली. त्या वर्षी मी लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील अन्यायी कारभाऱ्यावर तीन उपदेश केले. त्यांची टिपणे अजून माझ्याजवळ आहेत, चांगली आहेत.

म्हणून, वाचकहो, ह्या मुलीच्या कारखान्याविषयी बोलताना आपण आपली आवारे वगळू नयेत. रायपूरच्या मंडळीचा इतिहासही ह्या प्रश्नापासून दूर नाही. 1868 साली ऑस्कर लोर हे जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे सेवक तेथे आले आणि त्यांनी जमीन घेऊन बिश्रामपूर वसविले. सतनामी समाजातील ज्या लोकांनी ख्रिस्ताला स्वीकारले, त्यांना तेथे आसरा मिळाला, शाळा मिळाली, औषध मिळाले. हे ऋण खरे आहे. परंतु मिशनरी त्या गावचे मालगुजारही होते. उपदेश करणारा आणि सारा घेणारा एकच. कुळाने पाळकाला 'नाही' कसे म्हणावे? लोर ह्यांच्या प्रीतीविषयी मला शंका नाही. त्या आसनाविषयी मात्र आहे. आज मालगुजारी राहिलेली नाही, पण मंडळीचा चौकीदार, वसतिगृहातील स्वयंपाकीण, इस्पितळातील झाडूवाली ह्यांना आपण किती देतो आणि कितीवर सही घेतो, हे प्रत्येक पंचायतीने येत्या सभेत विचारावे.

हे कोठवर जाऊ शकते, ते सत्यम कंपनीच्या प्रकरणात देशाने पाहिले. 2008 साली उत्तम कंपनी-प्रशासनाचा पुरस्कार त्या कंपनीला मिळाला, आणि 7 जानेवारी 2009 रोजी तिच्या संस्थापकाने स्वतःच कबूल केले की, वहीत दाखविलेली पाच हजार कोटींहून अधिक रक्कम अस्तित्वातच नव्हती. खऱ्या आणि दाखविलेल्या आकड्यांतील अंतर आधी थोडे होते. ते वर्षानुवर्षे वाढत गेले. 2015 साली न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. तेथेही पहिले पुस्तक कुणीतरी सुबक करीत होतेच. ती माणसे बहुधा हुशार होती आणि नीतिमूल्यांच्या विषयात त्यांनाही चांगले गुण मिळाले असतील.

ही मुलगी ज्या वर्गात बसते, तेथे 'यश' हा शब्द फार वापरला जातो. पवित्र शास्त्राला त्याचा तिटकारा नाही. यहोशवाच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर यशाचेच वचन देतो. तेथील 'हिस्कील' ह्या हिब्रू क्रियापदाने आम्हां भाषांतरकारांना नेहमी अडविले आहे. कारण त्यात शहाणपणाने वागणे आणि यशस्वी होणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत एक घेतला की दुसरा निसटतो. दावीद शौलाच्या दरबारात वाढू लागला तेव्हा हाच शब्द येतो. दानीएलाच्या पहिल्या अध्यायात ह्याच धातूचे शब्द आले आहेत. आणि यशयाच्या बावन्नाव्या अध्यायात, तेराव्या ओवीत, हे क्रियापद कुणासाठी योजले आहे? ज्याचा चेहरा माणसासारखा राहिला नाही, ज्याला लोकांनी तुच्छ मानले, जो वधावयास नेल्या जाणाऱ्या कोकरासारखा गप्प राहिला, त्या सेवकासाठी. तो यशस्वी होईल, अशा घोषणेनेच त्याच्या दुःखसहनाचे गीत सुरू होते. कित्येक भाषांतरांत तेथे 'सुज्ञपणे वागेल' असे घातलेले आढळते. हा पर्याय चूक नाही. पण त्यामागे थोडा संकोचही असावा, असे मला वाटते. वधस्तंभाकडे जाणाऱ्याला यशस्वी म्हणण्यास कुणाचीही लेखणी अडखळेल. पुढे प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सांगितले की, परराष्ट्रीयांचे अधिकारी धनीपण गाजवतात, तुमच्यामध्ये तसे नसावे. ज्याला पहिला व्हायचे असेल त्याने सर्वांचा दास व्हावे. तेव्हा तो ह्याच सेवकाच्या वाटेने यरुशलेमेस निघाला होता.

आठ दिवसांनंतर मी तिला लिहिले. आधी माझ्या सहीची गोष्ट सांगितली, कारण त्यावाचून सल्ला देण्याचा मला अधिकार नव्हता. मग लिहिले की, ते पुस्तक तुझ्या हाताने सुबक करू नकोस. पण प्रथम वरिष्ठांना भेट, एकटीने, नम्रपणे, आणि दानीएलाप्रमाणे त्यांना काही सुचव : पुढील महिन्यापासून पैसे बँकेत जमा करता येतील का, निदान ह्या खात्यातून मला दुसरीकडे घालता येईल का. तुझ्या प्राध्यापकांना अंधारात ठेवू नकोस. त्या वरिष्ठ गृहस्थांसाठी प्रार्थना कर. त्यांच्याही मानेवर कुणाची तरी तलवार असेल. शेवट गोड होईल असे मात्र मी लिहिले नाही. पहिल्या अध्यायातील तरुण दहा दिवसांत टवटवीत दिसले हे खरे. परंतु तिसऱ्या अध्यायात त्यांतलेच तिघे राजाला सांगतात की, आमचा देव आम्हांला सोडवील, आणि त्याने सोडविले नाही तरी आम्ही नमणार नाही. हे दुसरे वाक्य बोलण्याची तयारी असेल तरच जा, असे मी तिला कळविले.

जुलैत तिचे दुसरे पत्र आले. वरिष्ठांनी ऐकून घेतले, काही बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तिला मालाच्या कोठारात नोंदी करायला पाठविले. तिच्या सोबतच्या मुलांच्या प्रमाणपत्रांवर 'उत्तम' असा शेरा आहे, तिच्यावर 'समाधानकारक'. त्या कारखान्यात तिला नोकरी मिळणार नाही, हे उघड आहे. महाविद्यालयातील नोकरीच्या मुलाखतींत ह्या शेऱ्याचे काय होईल, ते येत्या हिवाळ्यात कळेल. प्राध्यापकांनी सारे लिहून घेतले आहे. पुढे काय करणार ते त्यांनी सांगितलेले नाही.

पत्रात आणखी एक परिच्छेद आहे. पगाराच्या दिवशी ती कोठारातून परत येत असता फाटकाजवळच्या मेजावर अंगठे घेणे चालले होते. रांगेतील एका वयस्क बाईने तिला थांबविले आणि आपल्या अंगठ्याची जागा दाखवून छत्तीसगढीत विचारले की, बाई, ह्याच्या शेजारी काय लिहिले आहे? मेजामागचा मुकादम मान वर करून पाहू लागला. तिने आकडा वाचून दाखविला. बाईने तो पुन्हा एकदा म्हणायला सांगितला, आणि तिने तो पुन्हा म्हटला, ह्या वेळी जरा मोठ्याने.