कुठून सुरू करू?

जुलैमधल्या एका रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज आला. "ताई, फायर एम्ब्लेम खेळायचंय. कुठून सुरू करू?" मित्राने त्याला महिनाभरासाठी आपला स्विच वापरायला दिला होता. घरात या विषयातली 'जाणकार' मी एकटीच, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला.

मी उत्साहात भराभर चार नावं टाइप केली. त्याचं उत्तर आलं, "पण पहिलाच गेम चुकीचा निवडला तर? मग पुढची सगळी सिरीज खराब होईल ना?"

हे वाचून मी थोडी थांबले. त्याच आठवड्यात त्याला इंजिनिअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. कुठलं कॉलेज वर, कुठलं खाली, आधी ब्रँच बघायची की आधी शहर. मावशी फोनवर सांगत होती की पोराने यादीचा क्रम चार वेळा बदलला आणि अजून सबमिट केलेला नाही. मला वाटलं, हा प्रश्न दिसायला गेमचा आहे, पण पूर्णपणे गेमचा नाही. म्हणून जरा नीट उत्तर द्यायचं ठरवलं. ते मेसेजमध्ये मावलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

*

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फायर एम्ब्लेम ही जपानी मालिका आहे. इंटेलिजंट सिस्टिम्स ही कंपनी ती निन्टेंडोसाठी बनवते. पहिला गेम एप्रिल १९९० मध्ये फॅमिकॉमवर आला आणि शोझो कागा हे त्याचे कर्ते. पट बुद्धिबळासारखा, चौकोनांचा. आधी तुमच्या सगळ्या प्याद्यांची पाळी, मग शत्रूची. फरक इतकाच की इथल्या प्याद्यांना नावं असतात. त्यांना गाव असतं, आई-बाप असतात, एकमेकांशी भांडणं असतात. आणि जुन्या नियमाप्रमाणे लढाईत एखादं पात्र मेलं की ते कायमचं मेलं. पुढच्या चॅप्टरमध्ये ते नसतं.

आता मुख्य गेम सोळा-सतरा झालेत. रिमेक वेगळे मोजायचे की नाही, यावर आकडा बदलतो. एवढा ढीग समोर असला की साहजिकच वाटतं, सुरुवातीपासून खेळावं. तोच प्रामाणिक मार्ग वाटतो. मधूनच घुसणं म्हणजे लग्नाला थेट जेवणाच्या पंगतीला पोचण्यासारखं.

पण या मालिकेत 'सुरुवात' नक्की कुठे आहे? जपानबाहेर आलेला पहिला गेम २००३ चा, गेम बॉय अॅडव्हान्सवरचा. त्याचं नाव नुसतं 'फायर एम्ब्लेम', पण खरं तर तो सातवा होता. त्यातली गोष्ट सहाव्या गेमच्या आधी घडते आणि तो सहावा तेव्हा फक्त जपानमध्ये मिळत होता. म्हणजे जगाने दाराऐवजी खिडकीतून प्रवेश केला. आणि १९९० चा तो मूळ गेम? निन्टेंडोने त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती स्विचवर आणली ती तीस वर्षांनी, आणि विकली फक्त ४ डिसेंबर २०२० ते ३१ मार्च २०२१ या काळात. मुळापासूनच सुरू करायचं असा ज्यांचा हट्ट होता, त्यांना चार महिन्यांचीही मुदत मिळाली नाही.

त्याहून गमतीची गोष्ट २०१२ च्या 'अवेकनिंग'ची. मालिकेची विक्री घसरत चालली होती. अडीच लाखांच्या खाली गेलो तर हा शेवटचा, असं बनवणाऱ्यांना सांगितलं गेलं होतं. शेवटचाच असेल तर मनातलं सगळं ओतू, म्हणून त्यांनी तो बनवला. तो इतका चालला की माझ्या वयाच्या कितीतरी जणांसाठी तोच पहिला ठरला. एका बाजूने शेवट म्हणून लिहिलेलं दुसऱ्या बाजूने आरंभ म्हणून वाचलं गेलं.

हा घोळ फक्त गेमचा आहे असंही नाही. महाभारताचं आदिपर्व स्वतःच सांगतं की काही जण भारताचा पाठ मनूपासून सुरू करतात, काही आस्तीकाच्या कथेपासून, तर काही उपरिचर राजापासून. एवढा मोठा ग्रंथ, आणि आपल्याला तीन दरवाजे आहेत हे तो पहिल्याच अध्यायात मोकळेपणाने कबूल करतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हस्तलिखितांमागून हस्तलिखितं ताडून पाहिली. पण आपल्यापैकी कुणी महाभारत त्या आवृत्तीच्या पहिल्या पानापासून सुरू केलं? कुणी आजीकडून कर्णापासून केलं, कुणी टीव्हीवर मध्येच एखाद्या एपिसोडपासून, कुणी चक्रव्यूहापासून. तरी महाभारत आपलं झालंच.

तेव्हा पहिला मुद्दा हा. 'मूळ आरंभ' नावाची पवित्र जागा बहुतेक वेळा नसते. आपण आत शिरतो तेव्हा गोष्ट चालूच असते. आपण जन्माला येतो तेव्हासुद्धा घरातली भांडणं आधीपासून चालू असतात.

*

माझी स्वतःची सुरुवात हॉस्टेलमध्ये झाली. रूममेटच्या भावाने दुबईहून आणलेला सेकंडहँड गेम बॉय अॅडव्हान्स आणि त्यात तोच २००३ चा गेम. मी निवडला नव्हता. तेवढाच होता.

त्यात रिबेका नावाची एक धनुर्धर मुलगी आहे. गावच्या मुखियाची मुलगी, वेणीवाली. धनुर्धर लांबून मारतात, पण कुणी अगदी शेजारी येऊन उभा राहिला तर उलट वार करू शकत नाहीत. हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. मी तिला एक चौकोन जास्त पुढे नेलं. कुऱ्हाडवाला आला, आणि संपलं. तिने दोन ओळी बोलल्या आणि ती पडद्यावरून गेली.

मी गेम बॉय बंद करून पुन्हा चालू केला. गेम जिथे होता तिथेच सुरू झाला, कारण तो प्रत्येक चालीगणिक आपोआप नोंद ठेवतो. तिला परत आणायचं तर अख्खा चॅप्टर पहिल्यापासून खेळायला हवा होता. रूममेट म्हणाली, "अगं, जाऊ दे. तशी ती फार कामाची नव्हती."

मी पुढे गेले. पण ते 'कामाची नव्हती' मला अजून टोचतं. कारण ते खरं होतं, आणि मी ते मान्य केलं होतं.

पुढे मालिकेने हा नियम सैल केला. २०१० च्या जपानी गेममध्ये 'कॅज्युअल मोड' आला. त्यात पडलेलं पात्र पुढच्या चॅप्टरला परत येतं. अवेकनिंगने तो जगभर नेला. नंतरच्या गेममध्ये घड्याळ मागे फिरवून चाल बदलायचीही सोय आली. जुने खेळाडू कुरकुरले. मी कुरकुरणाऱ्यांत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री अर्धा तास खेळताना कुणालाही मरू दिलं नाही, तर त्यात काय पाप आहे? पण एक प्रश्न उरतो. प्रत्येक चूक पुसता येत असेल, तर मी निवडलं असं म्हणता येईल का?

*

मावसभावाला मी शेवटी सुचवला तो २०१९ चा 'थ्री हाउसेस'. (थोडे स्पॉयलर येतायत. चालत नसतील तर पुढच्या तारकांपर्यंत उडी मारा.)

त्यात तुम्ही एका मठातल्या शाळेत शिक्षक म्हणून येता. तीन वर्ग असतात : ब्लॅक ईगल्स, ब्लू लायन्स आणि गोल्डन डिअर. तीन वर्गप्रमुख असतात : एडेलगार्ड, दिमित्री आणि क्लॉड. कॅम्पसमध्ये एक फेरी मारायची, मुलांशी दोन-चार वाक्यं बोलायची, आणि एक वर्ग निवडायचा. बस. कुणी केसांच्या रंगावरून निवडतं, कुणी आवाजावरून.

मग वर्षभर तुम्ही त्यांना शिकवता, त्यांच्यासोबत जेवता, वाढदिवसाला फुलं देता. तिन्ही वर्गांची ग्रॉन्डर नावाच्या मैदानावर लुटुपुटूची लढाई होते. जिंकलेले हसतात, हरलेले चिडवून घेतात. त्यानंतर गोष्ट पाच वर्षं पुढे उडी मारते. युद्ध पेटलेलं असतं. आणि काही मार्गांवर तुम्ही त्याच ग्रॉन्डरवर परत येता, या वेळी खऱ्या तलवारी घेऊन. समोर उभी असतात तीच मुलं, ज्यांना तुम्ही कॉरिडॉरमध्ये रोज भेटत होता, पण निवडलं नव्हतं.

बर्नाडेटा नावाची एक लाजरी मुलगी आहे. तीही धनुर्धर. खोलीबाहेर पडायला घाबरणारी. तुम्ही तिला आपल्या बाजूला वळवलं नसेल, तर ती मधल्या टेकडीवर उभी असते, आणि ती टेकडी तिच्याच बाजूचे लोक पेटवून देतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला. मी तिला मारलं नव्हतं. पण त्या पहिल्या दिवशी, दोन वाक्यांच्या ओळखीवर, मी दुसरा वर्ग निवडला होता.

मी दोषी आहे का? मला वाटतं, नाही. जे ठाऊक असणं शक्यच नव्हतं त्याचा दोष कसा घ्यायचा? पण माझा संबंध नाही, असंही मला म्हणता येत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये एक जागा आहे. मराठीत तिला आपण 'रुखरुख' म्हणतो. रुखरुख म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. आपल्या निवडीची सावली दुसऱ्या कुणावर पडली, एवढं ती लक्षात ठेवते. ज्याला कधीच रुखरुख लागत नाही, त्याच्या हातात फौज देऊ नये.

*

एल. ए. पॉल या तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ मध्ये 'ट्रान्स्फॉर्मेटिव्ह एक्स्पीरिअन्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यातलं उदाहरण मजेशीर आहे. समजा तुम्हाला व्हॅम्पायर व्हायची संधी मिळाली. जे झालेत ते सगळे म्हणतात, मस्त आहे. पण ते म्हणणारे आता व्हॅम्पायर आहेत. माणूस असताना तुम्हाला ते कसं वाटेल हे कळूच शकत नाही, आणि झाल्यावर निवडणारे 'तुम्ही' उरत नाही. मूल होऊ देणं, देश सोडणं, काही अंशी शाखा निवडणंही, या जातीचे निर्णय आहेत. यादी करून, रिव्ह्यू वाचून, तुलना करून ते सुटत नाहीत, कारण ज्याला ते आवडणार की नाही तो माणूस अजून तयारच झालेला नसतो. पॉल यांचं म्हणणं असं की अशा वेळी फायदा-तोटा मोजण्यापेक्षा स्वतःला एवढंच विचारावं : यातून मी कोण होईन, ते शोधायची माझी तयारी आहे का?

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. गेम रिसेट करता येतो. कॉलेजची वर्षं रिसेट होत नाहीत. फी परत मिळत नाही, वडिलांनी काढलेलं कर्ज परत जात नाही. "कुठूनही सुरू कर" हे ज्याच्याकडे दुसरी संधी आहे त्याने दिलेलं फुकटचं शहाणपण असू शकतं. हे मी मान्य करते. म्हणून चौकशी करावीच. गेममध्येसुद्धा क्रम कधी कधी महत्त्वाचा असतो. 'रेडियंट डॉन' हा 'पाथ ऑफ रेडियन्स'चा थेट पुढचा भाग आहे, तो आधी खेळलात तर अर्ध्या भेटीगाठी कोरड्या जातील. जे कळण्यासारखं आहे ते कळून घेणं ही जबाबदारीच आहे.

पण रिसेटबद्दल मला एक शंका आहे. थ्री हाउसेस मी दुसऱ्यांदा खेळले, दुसरा वर्ग घेऊन. मशीनने सगळं विसरून कोरी पाटी दिली. मी मात्र विसरले नव्हते. ज्या मुलांना आधीच्या खेपेला वाढवलं होतं, ती आता समोरच्या बाकावर बसून मला अनोळखी म्हणून नमस्कार करत होती. पहिल्या खेपेला मी न कळता निवडलं होतं, दुसऱ्या खेपेला कळून. दुसरी खेप जास्त जड गेली. रिसेटने पट पुसला जातो, खेळणारा पुसला जात नाही. म्हणून ज्या निष्पाप सुरुवातीची आपण वाट बघतो, जिथे काहीच हुकणार नाही आणि कुणीच मागे राहणार नाही, ती सुरुवात गेममध्येसुद्धा मिळत नाही.

आणि जो निवडतच नाही त्याचंही काही वाचत नाही. वर्ग न निवडता तुम्ही त्या कॅम्पसमध्ये कितीही फेऱ्या मारा. कुणाचं नाव तुमच्या तोंडी बसणार नाही. मला त्या मुलांबद्दल जे वाटलं ते निवडताना वाटलं नव्हतं. ते नंतर आलं, रोज त्यांच्यासोबत जेवून. बरोबर निवडल्यामुळे माया लागली नाही. राहिल्यामुळे लागली.

*

एवढं सगळं मी त्याला सांगितलं नाही. "थ्री हाउसेस घे, क्लासिक मोड ठेव, वर्ग तूच निवड, मला विचारू नकोस," एवढंच लिहिलं. ऑप्शन फॉर्मबद्दल काहीच बोलले नाही. त्याने विचारलंही नव्हतं. तो त्याने शेवटच्या दिवशी संध्याकाळी भरला, असं मावशीने सांगितलं. क्रम कुठला ठेवला ते तिलाही नीट माहीत नव्हतं.

मागच्या आठवड्यात पुन्हा रात्रीचा मेसेज आला. "ताई, एक जण गेला. माझ्या चुकीमुळे. रिसेट करू?"

मी 'कर' असं लिहिलं, मग खोडलं. 'नको' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी विचारलं, "कोण गेला?"

मग तो पंधरा मिनिटं टाइप करत होता.