पायली कुठली?

आमच्या माणगावच्या घराच्या माळ्यावर एक जुनी पायली पडून आहे. लोखंडी पत्र्याची, काठाला एका बाजूने चेपलेली. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हा हिशेब आजीला तोंडपाठ होता. पण कुणी भात घालायला किंवा न्यायला दारात आलं की तिचा पहिला सवाल हिशेबाचा नसे. "पायली कुठली?" असं ती विचारायची. एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारच्या पायलीशी जुळेलच याची खात्री नव्हती. पायली तीच असली तरी ती भरायची कशी, हा दुसरा प्रश्न होताच. काठावरून हात फिरवून सपाट, की वर शीग ठेवून? १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, पाठोपाठ किलो आला आणि आजीच्या प्रश्नाची गरज संपली. निदान भातापुरती संपली.

पुतणी परदेशी विद्यापीठांत एम.एस.साठी अर्ज भरायला बसली तेव्हा तो प्रश्न मला पुन्हा भेटला. चार वर्षांची इंजिनीअरिंगची पदवी, दहापैकी आठ सीजीपीए, घरात पेढे वाटून झालेले. अर्जातल्या रकान्यात मात्र चारपैकी किती ते लिहायचं होतं. "काका, दहातले आठ म्हणजे चारातले ३.२ ना?" तिने विचारलं. त्रैराशिक बिनचूक होतं. तरी मी हो म्हणायला अडखळलो. दहाची पायली चाराच्या पायलीत ओतली तर वरचा आकडा बदलतो हे खरं, पण दोन्ही पायल्या भरणारे हात वेगळे आहेत, त्याचं काय? एकाने शीग ठेवली असेल, दुसऱ्याने सपाट केलं असेल. त्रैराशिकाला शीग दिसत नाही.

जर्मन लोकांनी यावर एक सूत्र काढलं आहे, ते इथे सांगण्याजोगं आहे. तिकडे १ हा सर्वांत चांगला शेरा आणि ४ म्हणजे जेमतेम पास. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याचे गुण त्या पट्टीवर बसवताना ते तीन आकडे मागतात: तुझे गुण किती, तुमच्याकडे जास्तीत जास्त किती मिळू शकतात आणि पास व्हायला किती लागतात. जास्तीत जास्त गुणांतून तुझे गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि पासाच्या गुणांतल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं, वर एक मिळवायचा. दहापैकी आठ आणि चाराला पास असेल तर उत्तर २ येतं. पासाची रेघ पाचावर असेल तर तेच आठ २.२ होतात. साध्या त्रैराशिकापेक्षा हे शहाणपणाचं आहे, कारण मापाला काठही असतो आणि तळही असतो हे त्यात धरलेलं आहे.

पण जरा आणखी खोलात जाऊ. समजा, कुणी मराठी साहित्यात एम.ए. केलं, शंभरातले ६२ मिळवले आणि सगळ्या वर्गात पहिलं आलं. साहित्याच्या पेपरात बासष्ट म्हणजे काय, हे ज्याने कधी तसा पेपर लिहिला आहे त्याला सांगावं लागत नाही. सूत्र मात्र जास्तीत जास्त शंभर धरतं. चाळिसाला पास असेल तर या पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला २.९ मिळतात, म्हणजे जर्मन हिशेबाने ठीकठाक. ज्या शंभरापर्यंत कुणीच कधी पोचत नाही तो काठ कागदावरचाच, तरीही मोजणी तिथूनच होते. गंमत याच्याही पुढे आहे. पास व्हायला चाळीसऐवजी पस्तीसच लागत असते, तर त्याच ६२ गुणांचे २.७५ झाले असते. म्हणजे परीक्षा जितकी ढिली, तितका तिकडचा शेरा बरा! आजीला हे सांगितलं असतं तर तिने पायली उलटी करून बघितली असती.

साठ गुणांना पहिला वर्ग ही आपली पट्टी आली कुठून? मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभं राहिलं. हात आखडून गुण देण्याची इंग्रजी रीत त्याच्याबरोबर आली, इथे रुजली आणि इथल्या हवेत तिला वेगळी फांदी फुटली. इंग्लंडात आजही सत्तरच्या पुढे पहिला वर्ग समजतात आणि ते सत्तर सहजी मिळत नाहीत. अमेरिकेत नव्वदीच्या खाली घसरलं की मुलाचा चेहरा उतरतो. आपल्याकडे तर एकाच घरात दोन मापं नांदतात. आमच्या पिढीने साठावर पार्टी केली, आणि दहावीत पंच्याण्णव पडले म्हणून रडणारी मुलं आता आम्हीच समजावतो. बरं, सीजीपीएवरून टक्के काढायचं सूत्रही एक नाही. सीबीएसईने दहावीपुरतं साडेनऊने गुणायला सांगितलं होतं; विद्यापीठांची सूत्रं आपापली.

मग या गोंधळावर तोडगा म्हणून मूल्यांकन करणाऱ्या संस्था आल्या. न्यू यॉर्कची वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस १९७४ पासून हे काम करते. जर्मनीने दिल्लीतल्या आपल्या दूतावासात एपीएस नावाचा कक्ष ठेवला आहे आणि नोव्हेंबर २०२२ पासून शिक्षणासाठी व्हिसा मागणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला त्यांचं प्रमाणपत्र लागतं. या मंडळींचं काम प्रामाणिक आहे, पण ते नेमकं कोणतं, हे नीट समजून घेतलेलं बरं. कागद खरा आहे का, विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का, शिक्षण किती वर्षांचं झालं, हे ते तपासतात. पायली खोटी नाही एवढी ग्वाही ते देतात. आतला तांदूळ ते शिजवून बघत नाहीत. ते त्यांचं कामही नाही.

वर्षांचा मुद्दा आपल्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.वाल्यांना नडतो. दहा अधिक दोन अधिक तीन म्हणजे पंधरा. अमेरिकेचा हिशेब सोळाचा. काही विद्यापीठं पंधरा चालवून घेतात, काही आधी एम.ए. किंवा एम.एस्सी. करून या म्हणतात. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची वाट उघडली, त्यामागे हीही एक अडचण होतीच. इंजिनीअरिंगवाल्यांची चार वर्षं आपोआप बसतात, म्हणून त्यांना या प्रश्नाचा पत्ताही नसतो.

नावाचं प्रकरण त्याहून चिवट. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, पुढे आईचं. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि बाकीचं दुसऱ्या. परदेशी संगणक दोन कागद शेजारी ठेवतो आणि ही दोन माणसं आहेत असं ठरवतो. मग नोटरीकडे प्रतिज्ञापत्र, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र. कल्याणात जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि अमेरिकेत तिच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटी दोन 'ई' आले. आज तिला किती प्रतिज्ञापत्रं करावी लागली असती कोण जाणे.

आनंदीबाई जोशींचं नाव ओघात आलं, पण त्यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. पती गोपाळरावांच्या टपालखात्यातल्या बदल्यांमुळे काही काळ अलिबागेत राहिलेल्या या मुलीजवळ १८८३ साली दाखवण्याजोगी एकही पदवी नव्हती, मॅट्रिकसुद्धा नाही. अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अर्जाचं पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यात त्यांनी झाकून ठेवलं नाही. नातलगांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने आपण इथवर आलो तोच निर्धार पुढे नेईल, एवढंच त्यांनी पुढे ठेवलं. डीन रेचल बॉडली यांच्या महाविद्यालयाने त्यांना घेतलं, आणि मार्च १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मोजायला मापच नव्हतं, म्हणून तिथल्या लोकांना माणसाकडे पाहावं लागलं. आजचा ऑनलाइन अर्ज रकाना रिकामा राहिला तर पुढचं पानच उघडत नाही, हा फरक आहे.

आता माप असूनही ते दर वेळी नव्याने भरावं लागलेल्या माणसाकडे येऊ. माणगाव तालुक्यात, महामार्गावर महाडकडे जाताना लोणेरे लागतं. तिथे १९८९ साली स्थापन झालेलं तंत्रशास्त्र विद्यापीठ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने आहे. (माणगाव म्हटलं की बाबासाहेबांच्या संदर्भात लोकांना १९२०ची परिषद आठवते, ते माणगाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, शाहू महाराज आले होते ते. आमचं नव्हे.) तिथल्या प्रत्येक पदवीवर ज्यांचं नाव छापलेलं असतं त्यांच्या स्वतःच्या पदव्यांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. मुंबई विद्यापीठाची बी.ए., मग सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, १९१३ साली न्यू यॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, १९१५ साली एम.ए. पुढे पीएच.डी.साठी प्रबंध लिहिला आणि ते लंडनला गेले. पण लंडनची शिडी लंडनची. कोलंबियाचं एवढं सगळं हाताशी असूनही तिथे त्यांनी १९२१ साली एम.एस्सी. केली आणि मग १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाने डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. तोवर कागदावर आलीच नव्हती, कारण प्रबंधाच्या छापील प्रती जमा केल्याशिवाय ती मिळत नसे. प्रबंध पुस्तकरूपाने १९२५मध्ये लंडनमध्ये निघाला आणि पदवी जून १९२७मध्ये हाती आली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं होतं आणि डिसेंबरमध्ये तिथेच मनुस्मृती जाळली गेली. कोलंबियाचा कागद या दोन्हींच्या मधला.

या प्रवासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा कागद वेगळाच आहे. बाबासाहेब न्यू यॉर्कहून लंडनला निघाले तेव्हा त्यांचे कोलंबियातले गुरू, अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून या विद्यार्थ्याची ओळख करून दिली. पुढे १९२५च्या त्या पुस्तकालाही प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. एका बाजारात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस दुसऱ्या बाजारातल्या माणसाला सांगतो: ही पायली मी भरताना पाहिली आहे. शीग आहे की सपाट, हे गुणपत्रिकेला सांगता येत नाही. ज्याच्यासमोर माप भरलं गेलं, त्यालाच ते सांगता येतं.

आणि नेमका हाच कागद आपण सगळ्यात स्वस्त करून टाकला आहे. शिफारसपत्र मागायला गेलेल्या मुलाला आपल्याकडे सर्रास मिळणारं उत्तर म्हणजे, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यात सरांचा दुष्टावा नसतो. तीन-तीन वर्ग, पेपर तपासणी, वर नॅकच्या फाइली; वेळ कुठून आणणार? पण मुलगा लिहून आणतो ते इंटरनेटवरचं. तो मेहनती आहे, हुशार आहे, त्याच्यात नेतृत्वगुण आहेत. तिकडच्या प्राध्यापकाने अशी शेकडो पत्रं वाचलेली असतात. त्याला हवं असतं ते दोन ओळींत मावतं: माझ्या साठ जणांच्या वर्गात ही तिसरी, या विषयात आठच्या वर जाणारे वर्षाला दोन-तीनच, तिने प्रयोग फसल्यावर तो का फसला ते शोधून काढलं. एवढं कळलं की दहातले आठ म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला समजायला सूत्र लागत नाही.

पुतणीच्या सरांनीही आधी तेच सांगितलं होतं. ती लिहून घेऊन गेली, पण विशेषणं न लिहिता तिने वर्गाचा तक्ता लिहिला: किती मुलं, कुणाला किती, आपली जागा कितवी, फसलेला प्रकल्प कोणता. सरांनी तो वाचला आणि, ती सांगते, खुर्ची पुढे ओढून स्वतः पत्र लिहायला बसले. चारपैकीच्या रकान्यात तिने ३.२ लिहिलं, कारण दुसरं काही लिहायची सोय नव्हती. आणखी माहितीसाठी दिलेल्या जागेत मात्र आपल्या विद्यापीठात आठ म्हणजे काय, ते पाच वाक्यांत मांडलं. तिच्या अर्जातला तो भाग मला सगळ्यात आवडला, आणि तो तिने मला न विचारता लिहिला होता.

एका विद्यापीठाला सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट हवं होतं. लिफाफ्याच्या जोडावर आडवी सही आणि शिक्का. उघडला तर बाद. तो कुरिअरला देण्याआधी एक रात्र आमच्याकडे टेबलावर होता. वहिनीने तो हातात घेऊन तोलला, दिव्यापुढे धरून पाहिला. "आत काय आहे गं?"

"माझेच मार्क, आई."

"मग आपल्याला का नाही बघता येत?"