गाडी तीच, की दुसरी?

डहाणूच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभी राहिलेली फियाट आधी खालून जाते. वरून रंग शाबूत दिसतो. दाराखालच्या पट्टीवर अंगठा दाबला की भुगा पडतो. बापलेकांनी चालवलेल्या गॅरेजात अशी गाडी आली की इंजिन उतरतं, ब्लॉक बोअरिंगला जातो, सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड होतो, मग पुट्टी, घासाई, रंग. वायरिंग, रबरं, गादी सगळं नवं. चावी हातात घेताना मालक म्हणतो, आजोबांची गाडी परत आली.

खरंच आली का?

हा प्रश्न गॅरेजवाल्यांच्या कितीतरी आधी भिक्षू नागसेनांनी विचारला होता, तोही वाहनाबद्दलच. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद रथातून येतो. नागसेन विचारतात: आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला रथ हे नाव मिळालं आहे. याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला आहे. पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात तीच नसते, पण वेगळीही नसते.

सरकारला इतकं मोघम उत्तर चालत नाही. जुलै 2021च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. गंमत म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट 1100ला वेगळी चॅसिसच नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. मग गाडीचा सडलेला तळ कापून काढला ती दुरुस्ती, की फेरफार?

डहाणूच्या मुलखाजवळ ‘तोच की दुसरा’ याचं एक जुनं उत्तर आहे. तलासरीच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीत संजाण. तिथे पारशांनी इराणशाह हा आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा पवित्र अग्नी, प्रतिष्ठापित केला, तोही सोळा ठिकाणच्या अग्नींची शुद्धी करून, त्यातला एक विजेचा. संजाणवर स्वारी झाली तेव्हा दस्तुरांनी, म्हणजे पारशी धर्मगुरूंनी, हा अग्नी बाहरोटच्या डोंगरातल्या लेण्यांत नेला. 1599मध्ये लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजान’नुसार तो तिथे बारा वर्षं होता. पुढे वांसदा, नवसारी, सुरत असं करत 1742मध्ये तो उदवाड्याला आला आणि आजही तिथेच आहे. लाकूड रोज नवं, राख रोज वेगळी, जागा कितीदा बदललेल्या. तरी तो तोच इराणशाह आहे, याबद्दल भाविकाला शंका नाही, कारण संजाणा दस्तुरांची नऊ घराणी पाळीपाळीने, दिवसाच्या पाचही प्रहरी त्याला लाकूड देत आली आहेत. इथे ‘तोच’पणा लाकडात नाही, न तुटलेल्या सेवेत आहे.

जुन्या गाड्यांचे शौकीन हा दाखला खुशीने उचलतील. पण तो त्यांना पुरता लागू होत नाही. बाहरोटच्या गुहेतही आग विझू दिली गेली नाही. फियाट मात्र वीस वर्षं ताडपत्रीखाली पडून असते, कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. दर पावसाळ्याआधी ज्या घरात तिचं तेल बदललं, पत्र्याला ठिगळं लावली, त्या घरातली गाडी नि:संशय तीच. भंगारातून नुसती नंबरप्लेट आणि चॅसिस नंबराची पट्टी उचलून तिच्याभोवती उभारलेली गाडी कितीही देखणी असो, ती नवी आहे. ती उभारण्यात पाप नाही. तिला जुनी म्हणून विकण्यात आहे.

या दोन टोकांच्या मधल्या गाड्याच जास्त, आणि तिथे नागसेनही मदतीला येणार नाहीत. गॅरेजवाल्याची वही येईल. म्हणून जुनी गाडी घेताना आरसी बुकाबरोबर काय कापलं, काय बदललं, कधी बदललं याची यादी मागा, कापण्याआधीचे फोटोही मागा. द्यायला कोणी कां-कूं केली तर व्यवहार तिथेच थांबवा.